दिवा, चाक आणि फ्यूज

विजयादशमीच्या सकाळी देवळासमोरच्या अंगणात मोटारींची रांग लागलेली वाचकांनी अनेकदा पाहिली असेल. पुढच्या जाळीवर झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. नारळ वाढविला जातो, गाडी चार पावले पुढे सरते आणि पूजा सांग होते. पूर्वी शस्त्रांना व औतांना मिळणारा मान आज यंत्रांना मिळतो, यात आम्हांस काही गैर दिसत नाही. ज्या साधनावर आपला योगक्षेम चालतो त्याविषयी कृतज्ञ राहावे, ही आपली जुनीच रीत आहे. परंतु ज्या दिव्यांना आपण कुंकू लावतो ते लागतात की नाही, आणि ज्या चाकांखाली लिंबू ठेवतो त्यांत हवा पुरेशी आहे की नाही, हे त्या दिवशी किती जण पाहतात?

हा प्रश्न आम्हांस एका रात्रीने शिकविला. काही वर्षांपूर्वी फोंड्याकडील एका जत्रेहून आम्ही वृद्ध मातोश्रींसह भाड्याच्या मोटारीने बेळगावास परतत होतो. चोर्ला घाटात पुढचे दोन्ही दिवे एकाएकी विझले. चालक मुरलेला होता. त्याने फ्यूजच्या पेटीचे झाकण उघडले, जळालेला फ्यूज काढला, सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद त्यावर गुंडाळला आणि तो पुन्हा जागी बसविला. दिवे लागले. त्याच्या हुशारीचे आम्ही कौतुकही केले. अर्ध्या तासाने करपल्याचा वास आला आणि पाठोपाठ समोरच्या फळीखालून धूर निघू लागला. बॅटरीची तार सोडविली म्हणून गाडी वाचली व आम्हीही वाचलो. उरलेली रात्र मातोश्रींनी रस्त्याकडेच्या दगडावर नामस्मरण करीत काढली. दसऱ्याची सुकलेली माळ तेव्हाही पुढच्या जाळीवर लोंबत होती.

वाहन वाटेत अडावे आणि त्यातून मोठा इतिहास घडावा, ही गोष्ट आपणांस नवी नाही. कीर्तनांतून ऐकलेली कैकेयीची कथा आठवावी. ऐन युद्धात दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ निखळली, तेव्हा कैकेयीने तिथे आपला हात घातला व चाक सावरून धरले. त्या सेवेबद्दल मिळालेले दोन वर पुढे अयोध्येला किती महाग पडले, हे सर्वश्रुत आहे. वकिलाच्या दृष्टीने पाहता एका सुट्या खिळीपायी राजाने केवढे देणे शिरावर घेतले!

मोटारीच्या इतिहासातही आरंभी अशीच एक स्त्री उभी आहे. कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटासाठी २९ जानेवारी १८८६ रोजी अर्ज केला. परंतु त्या वाहनावर लोकांचा विश्वास बसेना. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांची पत्नी बर्था ही पतीस न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. इंधन संपत आले तेव्हा वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने ते घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. विजेची एक तार उघडी पडली होती, तिला मोजे बांधण्याचा बंद गुंडाळला. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या निगेचा पहिला धडा म्हणून या प्रवासाकडे पाहता येईल. घाटातल्या आमच्या चालकाची युक्ती वरवर याच जातीची वाटते. पण दोहोंत मोठे अंतर आहे. बर्थाबाईंनी विजेला आवर घातला, तर चालकाने असलेला आवर काढून टाकला.

आता प्रथम दिव्याकडे वळू. इंग्लंडात १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनापुढे साठ यार्डांवर तांबडे निशाण घेऊन माणूस चालविण्याची सक्ती केली होती आणि वेगाची मर्यादा गावात ताशी २ मैल व गावाबाहेर ४ मैल ठेवली होती. १८९६ मध्ये हा जाच संपला आणि वाहन स्वतःच्या वेगाने धावू लागले. मग पुढचा रस्ता दाखविण्याचे काम दिव्याकडे आले. आरंभीचे दिवे घोडागाडीवरून आलेले, मेणबत्तीचे अथवा रॉकेलचे होते. त्यांमागून कार्बाइडचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडले की असिटिलीन वायू निघे, तो पेटवावयाचा. उजेड प्रखर खरा, पण रोज राख काढा, पाणी भरा, वाऱ्यात काडी ओढा, असा सारा खटाटोप असे. १९१२ च्या नमुन्याच्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर गाडी सुरू करण्याची आणि दिवे लावण्याची एकत्र योजना केली, तेव्हा हा खटाटोप सरला. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट सरली. समईची वात रोज सारावी लागते, म्हणून ती रोज पाहिली जाते. बटण दाबून लागणाऱ्या दिव्याकडे मात्र तो विझेपर्यंत कोणी पाहत नाही.

उजेड वाढला तसा समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू लागले. १९२० च्या दशकात एकाच बल्बमध्ये दोन तंतू बसवून उजेड खाली झुकविण्याची सोय निघाली. पुढे युरोपात झुकलेला झोत आपल्या बाजूच्या कडेवर लांब व समोरच्याच्या बाजूस आखूड ठेवण्याची पद्धत रूढ झाली. या संदर्भात गोमंतकाची एक हकिगत सांगण्याजोगी आहे. पोर्तुगालने १९२८ मध्ये डावी बाजू सोडून रस्त्याची उजवी बाजू धरली. परंतु गोव्यात डावीच कायम राहिली, कारण शेजारच्या ब्रिटिश मुलखातील वाहने डावीकडूनच चालत. सत्ता लिस्बनची, पण रस्त्याची रीत शेजारधर्माची! १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा या बाबतीत कोणालाच काही बदलावे लागले नाही.

चाकाची कथा आम्हां वकिलांस विशेष रुचावी अशी आहे. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर केला व त्याचे पेटंट घेतले. दोनच वर्षांनी ते अवैध ठरले, कारण रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने त्याच कल्पनेचे पेटंट १८४५ मध्येच घेऊन ठेवले होते. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवेच्या टायरांवर मोटार चालविली. ती वाटेत वारंवार पंक्चर होऊन मागे पडली, तरी हवेवर मोटार चालू शकते हे तिने सिद्ध केले.

पण पंक्चरचे काय करावयाचे? त्या काळच्या मोटारींत जादा चाक नसे. प्रवाशाने रस्त्यातच बसून टायर उपसावा लागे. १९०४ मध्ये वेल्समधील लानेली गावी डेव्हिस बंधूंनी आरे नसलेले एक जादा चाक काढले, ते बसलेल्या चाकालाच कडेने आवळून जोडता येई. त्यांचे दुकान स्टेपनी नावाच्या रस्त्यावर होते, म्हणून त्या चाकास स्टेपनी हे नाव पडले. इंग्लंड ते नाव विसरले. पण आपल्या गावागावांतील गॅरेजांत ते अद्याप नांदते आहे, आणि ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेतही ‘एस्तेपे’ या रूपाने ते जिवंत आहे. शब्द जपला तशी वस्तूही जपली जाते, असे मात्र नव्हे. स्टेपनी बाहेर काढावी आणि तिच्यात हवाच नसावी, हा अनुभव किती तरी कुटुंबांनी भर दुपारी घेतला असेल. ट्यूबविरहित टायर, हवेचा दाब सांगणारी योजना व दुरुस्तीचा संच असलेल्या लहान मोटारींना २०२० च्या नियमदुरुस्तीने स्टेपनीची सक्ती उरलेली नाही. तरी घाटरस्त्याने जाणाऱ्याने ती बाळगावी, असे आम्ही सुचवू. चाक बदलताना दुसऱ्या चाकांना दगड लावावेत, नट जॅक चढविण्यापूर्वीच किंचित सैल करावेत आणि नवे चाक बसविताना ते समोरासमोरच्या जोडीने आवळावेत, म्हणजे चाक सरळ बसते.

राहिला फ्यूज. पाठ्यपुस्तकांत यास वितळतार म्हणतात आणि हे नाव त्याचे सारे चरित्र सांगते. १८४७ मध्ये ब्रेगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने तारायंत्राची कचेरी विजेच्या आघातापासून वाचविण्यासाठी वाटेत बारीक तार घालावी, असे सुचविले होते. १८९० मध्ये एडिसन यांनी विजेच्या वितरणासाठी फ्यूजचे पेटंट मिळविले. मोटारीत तो काचेच्या नळीतून आला आणि १९७६ पासून दोन पात्यांचा, रंगीत टोपीचा फ्यूज निघाला. तांबडा १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. हा रंग शोभेचा नसून ती मर्यादा आहे. हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टवर चालणारा ५५ वॉटचा दिवा सुमारे साडेचार अँपिअर विद्युत्प्रवाह घेतो, दोन मिळून नऊ. आता दिव्याकडे जाणारी तार पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर लोटू शकते. अशा वेळी फ्यूजमधील बारीक तार क्षणार्धात वितळते व वाट बंद करते. तिच्याऐवजी चंदेरी कागद घातला की प्रवाह अडत नाही आणि वितळावयाची पाळी गाडीच्या तारांवर येते. घाटात तेच घडले. फ्यूज जळाला हा बिघाड नव्हता. कोठे तरी बिघाड आहे, ही ती सूचना होती. आम्ही सूचना देणाऱ्याचेच तोंड बंद केले. म्हणून फ्यूज बदलावा तो तेवढ्याच अँपिअरचा, आणि तोही पुन्हा जळाला तर तिसरा न घालता तार तपासून घ्यावी.

या साऱ्यावर कायद्याचे म्हणणे काय? केंद्रीय नियमांनुसार पुढच्या दिव्यांनी १५५ मीटरवरील माणूस व वाहन स्पष्ट दिसावे लागते. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून अधिक झिजलेली चालत नाही, म्हणजे तितकी खोली उरलीच पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १९० वे कलम तर अधिक मार्मिक आहे. चालकास ठाऊक असलेला दोष तर ते शिक्षापात्र ठरवितेच. परंतु साधारण काळजी घेतली असती तर जो दोष कळून आला असता, त्याबद्दलही ते जाब विचारते, आणि असे वाहन चालवू देणाऱ्या मालकालाही सोडीत नाही. यंत्र ऐनवेळी दगा देऊन गेले, असा बचाव घेणाऱ्याने तो दोष गुप्त होता व वाजवी काळजी घेऊनही सापडण्यासारखा नव्हता हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या एका निकालात सांगितले आहे. तात्पर्य, ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर पुरेसे नाही. ‘मी पाहिले होते’ हे म्हणता आले पाहिजे.

देवळाच्या रथाच्या बाबतीत आपण हे शहाणपण कधीच विसरत नाही. रथोत्सवाच्या आधी सुतार येतो, आस व चाके ठोकून पाहतो, पाचरा तयार ठेवतो. मगच देव रथारूढ होतात. वर्षातून एकदा धावणाऱ्या रथाला ही काळजी, तर मुलाबाळांना घेऊन रोज धावणाऱ्या मोटारीला का नसावी? येत्या दसऱ्यास माळ घालण्यापूर्वी गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही दिवे पाहावेत, मागे मुलाला उभे करून ब्रेकचा तांबडा दिवा विचारावा, स्टेपनीसह पाचही चाकांची हवा गाडी थंड असताना मोजावी आणि पेटीत जादा फ्यूज आहेत याची खात्री करावी. पाव घटकेचे काम आहे. आमच्या घरी आता ते मातोश्रींच्या देखरेखीखाली होते, आणि ते झाल्याखेरीज त्या हळदकुंकवाचे ताट पुढे करीत नाहीत.