सित्तन्नवासलची अनाम राणी

तामिळनाडूतील पुदुक्कोट्टैपासून सुमारे १६ किलोमीटरवर सित्तन्नवासल नावाची खडकाळ टेकडी आहे. इसवी सनापूर्वीच्या काळापासून येथे जैन श्रमणांचा वास होता. टेकडीवरील नैसर्गिक गुंफेत त्यांच्या शिलाशय्या आजही दिसतात. याच टेकडीच्या पश्चिम अंगाला खडकात खोदलेले ‘अरिवर कोविल’, म्हणजेच अर्हतांचे मंदिर, आहे.

मंदिराच्या छतावर कमळांनी भरलेले सरोवर चितारलेले आहे. त्यात मासे, हंस, हत्ती असून कमळे खुडणारे भव्य जीव आहेत. समवसरणातील खातिकाभूमीचे हे दृश्य होय, असे अभ्यासक मानतात. दर्शनी दोन स्तंभांवर नर्तकी आहेत आणि एका स्तंभाच्या आतील बाजूस मुकुटधारी राजा व त्याच्यामागे त्याची राणी. रंग बरेच उडाले आहेत. तरीही राणीच्या मुद्रेवरील शांत, विनम्र भाव लपत नाही.

ही राणी कोणाची? १९२० च्या सुमारास ही चित्रे अभ्यासकांपुढे आली, तेव्हा टी. ए. गोपीनाथ राव व फ्रेंच विद्वान जुव्हो-द्युब्रय यांनी ती पल्लवनृपती महेंद्रवर्मन याच्या काळातील, म्हणजे सातव्या शतकातील, ठरविली. महेंद्रवर्मन हा पूर्वायुष्यात जैन होता, अशी परंपरा असल्याने हे मत सहज रुजले.

पुढे मंदिराच्या दर्शनी भागाशेजारील खडकावरील तमिळ शिलालेखाने या मताला धक्का दिला. पांड्यराजा अवनिपशेखर श्रीवल्लभ (इ. स. ८१५ ते ८६२) याच्या कारकिर्दीत मदुराईचे आचार्य इळन् गौतमन् यांनी अर्धमंडपाचा जीर्णोद्धार करून पुढे मुखमंडप उभारला, असे त्यात नमूद आहे. चित्रांच्या सफाईत जुन्या रंगकामाचा थरही आढळला. त्यामुळे मूळ गुंफा आधीची, परंतु आज दिसणारी बहुतेक चित्रे नवव्या शतकातील, हे मत मान्यता पावले आणि राजाराणीची जोडी पल्लवांची न राहता पांड्यांची ठरली. एका शिलालेखामुळे चित्राचा काळ सुमारे दोनशे वर्षांनी पुढे सरकला!

मात्र त्या लेखात राणीचे नाव नाही. जीर्णोद्धार करणाऱ्या आचार्यांचे नाव पाषाणाने जपले, राजाचे जपले. जिची मुद्रा चित्रकाराने इतक्या श्रद्धेने रेखाटली, ती राणी मात्र अनामच राहिली. ज्याची नोंद झाली ते इतिहासाला गवसले, जे नोंदवायचे राहिले ते कायमचे निसटले.

जैन समाजाने मंदिरे बांधली, ग्रंथ लिहवून घेतले, दाने दिली. त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. आपल्या मंदिरांतील मूर्ती, हस्तलिखिते व चित्रे कोणी, केव्हा, कोणाच्या प्रेरणेने दिली याची नोंद आजच करणे, हेही धर्मकार्यच आहे. सित्तन्नवासलच्या स्तंभावरील ती राणी अकराशेहून अधिक वर्षे मूकपणे हेच सांगत उभी आहे.