बेल्टवरची स्कूटर आणि तिची खरी परीक्षा

नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर आज पेट्रोलची नवी स्कूटर म्हटली की ती बिनगिअरचीच. मुलींची सोय झाली म्हणून ती चालली, असं सर्रास सांगितलं जातं. मला हे पटत नाही, कारण ती सोय 1984 पासून उपलब्ध होती. त्या साली फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाशी भागीदारी केली आणि पिथमपूरच्या कारखान्यातून 98 सीसीची, बटण दाबून सुरू होणारी कायनेटिक होंडा आली. गिअर 1972 च्या लुनालाही नव्हता, पण तिचं गुणोत्तर एकच. चढावर पायडल मारावं लागे. कायनेटिकमध्ये गुणोत्तर चालता चालता बदलत होतं. इंजिनचे फेरे वाढले की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात, पुलीची सरकती बाजू आत ढकलतात आणि दोन पुल्यांना जोडणारा बेल्ट तिथे मोठ्या घेरावर चढतो. मागची पुली तेवढीच उघडते. डबलसीट चढ लागला, फेरे उतरले, की मागची स्प्रिंग पुली मिटवते आणि गाडी आपोआप जोर धरते. या यंत्रणेचा विकास म्हणजे मुख्यतः रोलरचं वजन आणि स्प्रिंगचा ताण यांचा मेळ घालणं. रोलर हलके केले तर पिकअप वाढतो, ॲव्हरेज पडतं. जड केले तर उलट.

मग नव्वदच्या दशकात गिऱ्हाईक मोटरसायकलकडे का वळलं, हा आक्षेप रास्त आहे. माझ्या मते दोष बेल्टचा कमी, कायनेटिकच्या टू-स्ट्रोक इंजिनचा जास्त होता. 1985 मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी 100 ने फोर-स्ट्रोकचं ॲव्हरेज दाखवून दिलं होतं. 2001 मध्ये ॲक्टिव्हाने 102 सीसीच्या फोर-स्ट्रोक इंजिनला बेल्टचंच तत्त्व जोडलं आणि स्कूटर परत आली. बेल्ट तोच आणि निकाल मात्र उलटा, यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा? बेल्टमध्ये चेनपेक्षा जास्त शक्ती वाया जाते, हे खरंच आहे. पण चेनचा फायदा चालवणारा वेळेवर गिअर बदलतो तेव्हाच पुरता मिळतो, आणि गर्दीत तिसऱ्या गिअरवर गाडी रेटणारे कमी नाहीत.

चाचणीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. देशात बरीच वर्षं वापरलेलं भारतीय चालनचक्र, म्हणजे चाचणीत गाडी चालवायचा ठरलेला क्रम, 108 सेकंदांचं, सहा वेळा फिरणारं, कमाल वेग ताशी 42 किलोमीटर. 2020 पासून दुचाकींना जागतिक चक्र लागू झालं. दोन्हींत गाडीचं चाक रोलरवर फिरतं, बंद खोलीत. मे महिन्यातलं नांदेडचं ऊन आणि काळ्या मातीची धूळ त्यांत नाही. बेल्ट थंड ठेवणारा पंखा तर बाहेरचीच हवा ओढतो. विजेच्या बहुतेक स्कूटरना हा बेल्ट लागत नाही, म्हणजे ऊन-धुळीचा बेल्टवरचा परिणाम नोंदवायला वेळ थोडा उरला आहे. विष्णुपुरीची श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्था 1981 पासून इथेच आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी गॅरेजमधून बदललेले बेल्ट आणि झिजलेले रोलर गोळा करावेत, मोजावेत आणि मराठवाड्याच्या रस्त्यांचा हा हिशेब लिहून ठेवावा.