काठी कोणत्या हातात?

हाडांच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे जरा निरखून पाहावे. ज्याचा उजवा खुबा दुखतो, त्याच्या उजव्याच हातात बहुधा काठी असते. दुखऱ्या बाजूला टेकू द्यावा, ही साधी बुद्धी. डॉक्टर मात्र ती काठी काढून डाव्या हातात देतात. आजोबा नाराजीनेच चार पावले टाकतात आणि पाचव्या पावलाला त्यांचा चेहरा बदलतो. औषध नाही, सुई नाही, फक्त हात बदललेला. या हातबदलामागे जे शास्त्र आहे त्याला आज जैवयांत्रिकी म्हणतात. शरीरावर पडणाऱ्या आणि शरीरात निर्माण होणाऱ्या बलांचा हिशेब मांडणारे हे शास्त्र दवाखान्यापर्यंत पोहोचले कसे, याचा माग काढायचा तर आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या चालीवर लिहिताना एक गमतीदार कल्पना मांडली. माणसाच्या डोक्याला शाईत बुडवलेला बोरू बांधून त्याला भिंतीच्या कडेने चालवले, तर भिंतीवर उमटणारी रेघ सरळ नसेल, वरखाली जाईल. निरीक्षण अचूक होते, पण त्याला आकड्यांची जोड मिळायला दोन हजार वर्षे जावी लागली. ऋग्वेदातल्या विश्पलेच्या लोखंडी पायाचा दाखला आपल्याकडे अभिमानाने दिला जातो, मात्र त्यातही हिशेब नाही. गॅलिलिओने 1638 साली लायडनहून छापलेल्या ग्रंथात हाडांचा प्रश्न घेतला: प्राणी आकाराने मोठा होत गेला, तर त्याची हाडे त्याच प्रमाणात जाड होऊन भागत नाही, त्याहून जास्त जाड व्हावी लागतात. वैद्यकाचा अभ्यास अर्धवट सोडून गणिताकडे वळलेल्या माणसाने हे लिहावे, याची मला नेहमी मौज वाटते. पण या विद्येचा खरा मूळपुरुष जिओव्हानी अल्फोन्सो बोरेली. 1608 साली नेपल्समध्ये जन्मलेला हा गणिती पिसाला प्राध्यापक झाला आणि तिथे मालपिगीसारख्या शरीरशास्त्रज्ञाच्या सहवासात आला. त्याने माणसाला फळीवर आडवे झोपवले, फळी एका धारेवर तोलली आणि शरीराचा गुरुत्वमध्य शोधला. त्याहून महत्त्वाचा त्याचा निष्कर्ष तरफेचा होता. स्नायू सांध्याच्या अगदी जवळ जोडलेले असतात आणि ओझे मात्र लांब असते. म्हणून हातातल्या वजनाच्या कितीतरी पट जोर स्नायूला लावावा लागतो. तोवर पंडितांची समजूत याच्या उलट होती: निसर्ग थोड्या बलात मोठे काम उरकतो. राज्यत्याग करून रोममध्ये राहिलेल्या स्वीडनच्या राणी क्रिस्तिनाने हे सारे मांडणाऱ्या त्याच्या ग्रंथाच्या छपाईचा खर्च उचलला. बोरेलीला मात्र तो छापील पाहायला मिळाला नाही. 31 डिसेंबर 1679 रोजी तो वारला आणि ग्रंथ 1680-81 मध्ये बाहेर पडला.

पुढे दीडशे वर्षे फार काही घडले नाही. 1836 साली जर्मनीतल्या वेबर बंधूंनी चालण्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे येणारा पाय घड्याळाच्या लंबकासारखा आपोआप झुलतो असे सांगितले. सिद्धान्त देखणा होता, पण खरा नव्हता. लायपझिगच्या ब्राउने आणि फिशर या संशोधकांनी 1891 साली एका माणसाच्या अंगावर झगमगत्या काचनळ्या बांधल्या, त्याला अंधारात चालवले आणि छायाचित्रे घेतली. एकेका पावलाची आकडेमोड करायला त्यांना वर्षे लागली. शेवटी निघाले ते असे की पाय झुलवायलाही स्नायूंना काम करावे लागते. दरम्यान झुरिकमध्ये एक वेगळीच गाठ पडली होती. शरीरशास्त्रज्ञ हेरमान फॉन मायर यांनी मांडीचे हाड उभे कापून आतली बारीक जाळी विद्वानांपुढे ठेवली. तिथे पूल आणि क्रेन बांधणारे अभियंते कार्ल कुलमान हजर होते आणि हाड पाहताच ‘ही तर माझी क्रेन!’ असे ते उद्गारले, अशी कथा सांगतात. क्रेनमध्ये ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतात, जवळपास त्याच रेषांवर हाडाची जाळी विणलेली होती. हा धागा बर्लिनच्या युलियुस वोल्फने उचलला. भार बदलला की हाड आपली घडण बदलते, हा त्याचा नियम 1892 साली पुस्तकरूपाने आला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची हाडे का ठिसूळ होतात, याचे उत्तर त्यात आहे.

आता आपण पुन्हा खुब्याकडे येऊ. 1935 साली फ्रिडरिश पाउवेल्स या जर्मन शल्यचिकित्सकाने मांडीच्या हाडाची मान मोडणे हा यांत्रिकीचा प्रश्न म्हणून मांडला. त्याचा हिशेब आपणही करून पाहू. साठ किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला, की टेकलेला पाय वगळून सुमारे पन्नास किलो वजन त्या खुब्यावर तोलायचे असते. हे वजन सांध्यापासून जितके लांब, त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर त्याला सावरणारा कुल्ल्याचा स्नायू असतो. मग तो स्नायू सव्वाशे किलोंच्या जोराने ओढतो आणि सांध्यावर एकूण पावणेदोनशे किलोंचा भार येतो. काठी विरुद्ध हातात धरली, की ती खुब्यापासून लांब टेकते. तरफेची भुजा मोठी होते आणि हाताने सात-आठ किलोंचा रेटा दिला तरी कागदावर निदान पन्नास किलोंची सुटका होते. प्रत्यक्ष मोजमापात फायदा यापेक्षा कमी भरतो, पण होतो. मिल्वॉकीच्या वॉल्टर ब्लाउंट यांनी 1956 साली काठी टाकून देऊ नका, असे विनवणारा लेखच लिहिला. लोकांना काठीची लाज वाटत होती, हे त्याचे कारण.

याच हिशेबाच्या बळावर इंग्लंडच्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुबा घडवला. सांध्याची वाटी आत सरकवून त्यांनी वजनाची भुजा आखूड केली आणि घर्षण कमी व्हावे म्हणून धातूचा गोळा जेमतेम 22 मिलिमीटरचा ठेवला. वाटीसाठी आधी वापरलेले टेफ्लॉन पार झिजून गेले होते, रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या होत्या. 1962 साली टिकाऊ पॉलिथिलीन सापडले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आपल्याकडे 1968 च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा पाय केला तो वेगळ्या हिशेबाने. परदेशी पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी होता. इथल्या माणसाला उकिडवे बसायचे होते, मांडी घालायची होती, अनवाणी शेतात जायचे होते. शाळेत फारसे न शिकलेल्या शर्मांच्या हाताला ते कळले, यातच बोरेलीच्या वारशाचा एक वेगळा फाटा दिसतो.

तेव्हा घरात कुणाचा खुबा दुखत असेल, तर आज एवढे पाहा: काठी दुसऱ्या बाजूच्या हातात आहे ना, हात सरळ खाली सोडला असता मूठ मनगटाच्या रेषेपाशी येते ना, आणि खालचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर ते बदला.