शब्दवेध : मेटाक्लास

'मेटाक्लास'मधला 'मेटा' ग्रीक आहे. त्याचा एक साधा अर्थ 'नंतर'. अ‍ॅरिस्टॉटलच्या ग्रंथांची मांडणी करताना भौतिकीनंतर जे लेखन लावले गेले, त्याला 'मेटाफिजिक्स' हे नाव पडले. त्यात चर्चा होती अस्तित्वाच्या मूलतत्त्वांची. म्हणून 'नंतर' सरकत सरकत 'पलीकडे' झाला. 20व्या शतकात डेव्हिड हिल्बर्टने गणिती सिद्धतांचाच गणिती अभ्यास 'मेटामॅथेमॅटिक्स' म्हणून मांडला आणि 'मेटा' स्वतःकडेच पाहू लागला.

'क्लास'चे मूळ लॅटिन 'क्लासिस': रोमन नागरिकांची मालमत्तेनुसार केलेली वर्गवारी.

प्रोग्रॅमिंगमध्ये क्लास हा ऑब्जेक्टचा साचा, तर मेटाक्लास त्या साच्याचाही साचा. स्मॉलटॉक-80 या भाषेत प्रत्येक क्लासबरोबर त्याचा मेटाक्लास आपोआप जन्मतो. पायथनमध्ये मेटाक्लासचे काम 'टाइप'कडे असते. नाव, पूर्वज क्लास आणि गुणधर्म पुरवले की चालू प्रोग्रॅममध्ये नवा क्लास हजर! 'टाइप'चा वारस लिहिला, तर क्लास घडतानाच त्याची तपासणी, नोंदणी करता येते, त्यात नवी वर्तणूक घालता येते. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कची मॉडेल्स अशीच घडतात.

मग 'टाइप'चा क्लास कोणता? पायथनला विचारा, उत्तर मिळते : 'टाइप'च.