डोंगराने बुडवलेलं जहाज

तारीख ११ जानेवारी १९४२. तुम्ही 'लिबर्टी' नावाच्या अमेरिकी मालवाहू जहाजाच्या डेकवर उभे आहात आणि डेक कललेला आहे. पर्ल हार्बरला पाच आठवडे झालेत. बाली आणि लोंबोक या बेटांमधल्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी एका जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो तुम्हाला लागलाय. पाणबुडीचा क्रमांक आय-६६. मे महिन्यात तो बदलून आय-१६६ होईल आणि इतिहासाच्या पुस्तकांत तोच राहील. तुम्हाला त्याचं काय! तुमचं लक्ष खाली, पोटात चढत चाललेल्या पाण्याकडे आहे. तिथे रेल्वेचे सुटे भाग आणि रबर भरलेलं आहे. माल ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सला निघाला होता.

जहाज जुनंच म्हणायचं. १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, न्यू जर्सीतल्या कर्नीच्या गोदीत बांधलेलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 'लिबर्टी' वर्गाची जहाजं शेकड्यांनी पाण्यात सोडली, त्यांच्याशी याचं नातं फक्त नावापुरतं.

पुढे दोन विनाशिका तुम्हाला ओढताहेत, अमेरिकी 'पॉल जोन्स' आणि डच 'व्हान गेंट'. जायचंय बालीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगाराजा बंदरात. डाव्या हाताला किनारा सरकतोय आणि त्यामागे सुमारे तीन हजार मीटर उंचीचा अगुंग उभा आहे. जानेवारी म्हणजे इथला पावसाळा, त्यामुळे माथा बहुतेक ढगातच. तुम्ही तिकडे बघतही नाही. ज्वालामुखीचा विचार करायची ही वेळ नव्हे.

पण पाणी कोणाची वाट बघत नाही. सिंगाराजा गाठणं जमणार नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकलंय. भर समुद्रात जहाज गेलं तर मालही गेला. मग उरतो एकच मार्ग, जहाज सरळ किनाऱ्यावर चढवायचं. गावाचं नाव तुलांबेन. काळ्या गोट्यांचा किनारा, मागे अगुंगचा उतार. जहाजाचा तळ गोट्यांवर घासतो आणि त्याचा प्रवास संपतो. निदान तुम्हाला तरी तसंच वाटतं.

तुम्हाला ओढून आणणारी 'व्हान गेंट' महिना-सव्वा महिन्यातच खडकावर चढेल आणि डचांनाच ती निकामी करावी लागेल. तुमच्यावर नेम धरणारी पाणबुडी जुलै १९४४ मध्ये 'टेलिमाकस' या ब्रिटिश पाणबुडीच्या टॉर्पेडोने तळाला जाईल. ज्याला टॉर्पेडो लागला ते जहाज मात्र उन्हात कोरडं उभं राहील.

आता तुम्ही खलाशी नाही, तुलांबेनचे रहिवासी आहात. फेब्रुवारीतच जपानी फौजा बालीत उतरतात. जहाजातून काढता येईल ते हळूहळू निघून जातं, उरतो तो लोखंडी सांगाडा. १९४५ला जपानी जातात, डच परत येतात, १९४९ संपता संपता तेही सत्ता सोडतात. झेंडे बदलतात आणि जहाज तिथेच राहतं. तुमची मुलं त्याच्या सावलीत वाढतात. हे कधीकाळी तरंगत होतं, हे त्यांना सांगावं लागतं.

१९६३. अगुंगच्या उतारावरच्या बेसाकीच्या मोठ्या मंदिरात एकादशरुद्राचा विधी चालू आहे. शंभर वर्षांतून एकदा होणारी ही शांती, सगळ्या बालीचं लक्ष तिकडे. १८ फेब्रुवारीला त्याच डोंगराच्या पोटातून गडगडाट येतो. आधी राख, मग लाव्हा. १७ मार्चला मोठा स्फोट होतो आणि तापलेल्या वायूचे, राखेचे लोट उतारावरून धावत सुटतात. हजाराहून जास्त माणसं मरतात. बेसाकी मात्र थोडक्यात वाचतं.

तुलांबेन डोंगराच्या थेट पायथ्याशी आहे. तुम्ही तोंडाला फडकं बांधून निघालात, घर सोडलंत. भर दुपारी दिवा लावावा असा काळोख आहे आणि पायाखालची जमीन थरथरतेय. उद्रेकाच्या त्या दिवसांतल्या हादऱ्यांनी एकवीस वर्षं गोट्यांत रुतलेलं जहाज सुटतं, उतारावरून घसरतं आणि पाण्याखाली उजव्या कुशीवर आडवं होतं.

आता आजचा दिवस. तुमच्या अंगावर वेटसूट आहे. गावातली एक बाई डोक्यावर तुमचा सिलिंडर घेऊन पुढे चाललीय. गोल, घसरड्या गोट्यांवर तुमचा तोल जातो, तिचा जात नाही. फिन्स पाण्यात शिरल्यावरच चढवा, गोट्यांवर चढवलेत तर पहिलीच लाट आडवं करेल.

तीसेक मीटर पोहलं की झालं. हवा सोडा, खाली जा. कान दुखायच्या आत नाक चिमटीत धरून हलकेच फुंका. पाच मीटरवरच जहाजाची वरची कड लागते. पुढे ते किनाऱ्याला समांतर सुमारे १२० मीटर पसरलंय आणि समुद्राकडची बाजू तीस मीटरच्या आसपास वाळूत उतरते. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो, म्हणजे सिलिंडरही दुप्पट वेगाने रिकामा होणार. घाई करू नका.

रिबिटांची ओळ शोधायला गेलात तर सापडेलच असं नाही, कारण पत्र्यावर जिवंत गिलावा चढलाय. स्पंज, मऊ पोवळी, काळी-पिवळी पिसं पसरून बसलेले पिच्छतारे. खोल अंधारात जांभळट दिसणाऱ्या जाळीदार समुद्रपंख्यावर टॉर्च टाका. रंग एकदम लालभडक होतो, कारण तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच पाण्याने शोषून घेतलेला असतो. आता त्या जाळीवरच्या गाठी नीट बघा. त्यातली एक गाठ शेपटी हलवते. नखाएवढा, जेमतेम दोन सेंटीमीटरचा समुद्रघोडा. जाळीच्या गाठींसारख्याच गाठी त्याच्या अंगावर आहेत.

पहाटे आलात तर टेकाडासारख्या कपाळाचे मोठे पोपटमासे भेटतील. एकेक मीटरभर लांब. रात्री ते जहाजाच्या आसऱ्याला झोपतात आणि उजाडलं की कळपाने बाहेर पडतात, पोवळी चावून खायला. चावण्याचा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो.

परतताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, अंगात मुरलेला नायट्रोजन सावकाश निघून जावा म्हणून. इथे ती तीन मिनिटं जहाजाच्या वरच्या कडेपाशीच जातात. हिशोब मांडायला तेवढा वेळ पुरतो. जहाज सिंगाराजाला पोचलं असतं तर दुरुस्त होऊन पुन्हा मालाला लागलं असतं आणि शेवटी भंगारात गेलं असतं. सामुद्रधुनीत बुडालं असतं तर शेकडो मीटर खाली, तुमच्या-आमच्या आवाक्याबाहेर. टॉर्पेडोने काम अर्धवट सोडलं, विनाशिकांनीही अर्धवट सोडलं. ते पुरं केलं डोंगराने, तेही अशा बेताने की नवशिक्यालाही पोचता यावं.

लोखंड दर वर्षी पातळ होतंय, म्हणून आत शिरण्याआधी गाइडला विचारा. गेल्या वर्षीची वाट या वर्षी उघडी असेलच असं नाही. आणि अगुंग नोव्हेंबर २०१७ मध्ये पुन्हा उसळला, राखेमुळे बालीचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता. जहाज या जागी कोणी ठेवलं हे एकदा कळलं, की पुढच्या खेपेलाही ते इथेच असेल असं धरून चालता येत नाही.