‘स्कोप’ कशाला आहे? कोल्हापूरच्या इतिहासातून एक उत्तर



मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण पालकांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न तत्त्वज्ञानातला नव्हता. तो होता, “सर, सध्या कोणत्या लाइनला स्कोप आहे?” आज या प्रश्नाकडे कोल्हापूरच्या इतिहासातून पाहू.

खरं तर यात दोन प्रश्न आहेत. कामाला मागणी आहे का, हा पहिला. त्या कामात मला शिरता येईल का आणि शिरल्यावर मानाने जगता येईल का, हा दुसरा. आपण पहिलाच विचारतो.

१८९४ साली शाहू महाराजांच्या हाती कारभार आला, तेव्हा संस्थानात चांगली नोकरी म्हणजे दरबारची नोकरी. पण सामान्य प्रशासनातल्या ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. म्हणजे नोकऱ्या होत्या. कुणब्याच्या पोराला मात्र स्कोप नव्हता. महाराजांनी दोन्ही बाजूंनी हात घातला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजांच्या मुलांसाठीही वसतिगृहं झाली. २६ जुलै १९०२ च्या हुकमाने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागास वर्गांसाठी राखल्या गेल्या. नुसता हुकूम काढला असता तर जागा भरायला शिकलेली मुलं कुठून आणायची? आणि नुसती बोर्डिंगं काढली असती तर शिकलेल्या मुलांनी जायचं कुठे? दोन्ही एकत्र झालं म्हणून वाट तयार झाली.

आता बाजाराकडे या. १८९५ मध्ये शाहूपुरीची गुळाची पेठ वसली. पुढे भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम सुरू झालं. ते पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. पाणी आलं की ऊस आला, ऊस आला की गुऱ्हाळं वाढली. गुऱ्हाळाला चुलवाण सांभाळणारा लागतो, आणि पाक नेमका कधी उतरवायचा हे ओळखणारा गुळव्या लागतो. पण घाणा मोडला तर? विहिरीवरचं इंजिन बंद पडलं तर? मग मिस्त्री लागतो! दुरुस्ती करता करता सुटे भाग करणं, मग ओतकाम, मग अख्खं ऑइल इंजिन, असं करत आपलं उद्यमनगर उभं राहिलं. यातल्या अनेक मिस्त्रींनी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा तयार केला तोही याच गावात. म्हणजे इथे एका धंद्याच्या पोटातून दुसरा धंदा जन्माला आला. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या हीच परंपरा चालवतात.

पण दुसरा प्रश्न विसरू नका. गंगाराम कांबळे यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. पुढे महाराजांच्या मदतीने त्यांनी शहरात चहाचं हॉटेल काढलं. चहाला मागणी भरपूर होती हो! पण दलिताच्या हातचा चहा घेणार कोण? महाराज स्वतः तिथे जाऊन चहा पिऊ लागले, तेव्हा तो धंदा चालला. बाजार आपोआप सगळ्यांना जागा देत नाही, हे यातून कळतं.

आजचं उदाहरण घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये प्राडासारख्या कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि आपल्याकडे टीका झाल्यावर प्रेरणा कुठली ते मान्य केलं. मागणी जगभर आहे, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? तरीही चपला करणाऱ्या कारागिराला विचारा, मुलाला या कामात घालणार का? तो चटकन ‘हो’ म्हणत नाही. चामडं कमावणं, शिवणं, वेणी घालणं हे सगळं कौशल्य त्याचं. पण किंमत ठरवणारा दुसराच, आणि जातीचा शिक्का अजून पुसलेला नाही.

तेव्हा पालकहो, स्कोप विचाराच. पण पाठोपाठ हेही विचारा, की या कामातला पैसा आणि मान कोणाच्या पदरात पडतो? तो कारागिराच्या पदरात पडावा म्हणून संस्था उभ्या कराव्या लागतात, नियम करावे लागतात. शंभर वर्षांपूर्वी ते काम एका राजाने केलं. आता राजा नाही. ते काम आपलं आहे.