छापील दरपत्रकाचा हिशेब

2006 संपेपर्यंत भारतात गाडीच्या विम्याचे दर कंपन्या नाही, टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटी ठरवायची. 2002 च्या दरपत्रकात खाजगी कारसाठी मुख्यतः गाडीचं वय, इंजिनाची सीसी आणि शहर एवढंच बघत. पाच वर्षांच्या आतली, 1000 सीसीपर्यंतची, विम्यासाठी चार लाख किंमत धरलेली गाडी घ्या. नुकसानीच्या विम्याचा मूळ दर पुण्यात 3.127 टक्के, म्हणजे 12,508 रुपये, साताऱ्यात 3.039 टक्के, म्हणजे 12,156. कागद-पेन घेऊन कुणालाही पडताळता यायचं.

1 जानेवारी 2007 पासून नुकसानीच्या विम्याचे दर खुले झाले. थर्ड पार्टीचे दर मात्र आजही सरकारी अधिसूचनेनेच ठरतात.

परवा घरच्या कॉम्प्युटरवर आमच्या कारचा विमा बघितला. तीन साइट, तीन आकडे. थर्ड पार्टीची रक्कम सगळीकडे तीच. फरक नुकसानीच्या भागात. का, ते कुठेच दिलेलं नव्हतं. मी स्वतः कोड लिहितो, त्यामुळे कारण कुठल्यातरी सर्व्हरवर लिहिलेलं असणार हे मला ठाऊक आहे. फक्त ते ग्राहकासाठी छापलेलं नाही. स्पर्धेत दर उतरतात, हे खरं. पण उतरले कशावरून, हे कळायला नको?

म्हणून नो क्लेम बोनस वजा होण्याआधीचा नुकसानीचा प्रीमियम मी गाडीच्या धरलेल्या किमतीने भागतो आणि आलेला टक्का त्या जुन्या दराशेजारी लिहून ठेवतो.